मुंगीचं औषध

मुंगीची आई जनावरांची डॉक्टर होती, आणि औषध पाजण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मांजराला गोळी द्यायची म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. ती मात्र मांजराचं डोकं डाव्या हाताने अलगद मागे घ्यायची, अंगठा जबड्याच्या कोपऱ्यात सरकवायची, तोंड उघडलं की गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटवून नाकावर एक फुंकर मारायची आणि गळ्यावरून बोट फिरवायची. काम फत्ते. "गेली गोळी?" मालक विचारायचे. मांजरालाही बहुधा तोच प्रश्न पडलेला असायचा.

मुंगी तिची एकुलती एक मुलगी. पाळण्यात ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण रांगायला लागल्यावर ती भिंतीच्या कडेकडेने सरळ रेषेत जायची आणि वाटेत सापडेल तो कण तोंडात टाकायची, म्हणून बाबाने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि भारदस्त नाव दवाखान्याच्या कागदांपुरतं उरलं.

ते दवाखान्याचे कागद सुरू झाले ती दुपार सुट्टीची होती. मुंगीला अजून दोन वर्षं पुरी व्हायची होती. ती जमिनीवर लाकडी ठोकळे रचत बसली होती. एक ठोकळा हातातून सुटला, डोळे वर गेले आणि अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. आईने कुत्र्यांना अशी फिट येताना कितीदा पाहिलं होतं. तिने मुंगीला कुशीवर वळवलं, ठोकळे बाजूला सारले, तोंडात काही घातलं नाही, घड्याळाकडे लक्ष ठेवलं. सगळं जसं करायला हवं तसं केलं. फिट थांबली, मुंगी गाढ झोपली, आणि आई संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.

तपासण्या झाल्या. मुलांचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, बरीच मुलं यातून मोठी होता होता बाहेर पडतात. पण तोवर औषध सकाळ-संध्याकाळ पोटात गेलंच पाहिजे. एकही वेळ चुकवायची नाही. त्यांनी पातळ औषधाची बाटली आणि बिनसुईची छोटी सिरिंज दिली.

बाबा बेकरीत पाव भाजायचा. पहाटेच्या आधी घर सोडायचा आणि दुपारी पिठाने पांढरा होऊन परतायचा. त्याने भट्टीवरच्या जोडीदाराला सांगितलं की, आज लवकर निघतो, मुंगीचं औषध घ्यायचंय. तर त्या भल्या माणसाने पिठाच्या कोठाराशी ठेवलेला मुंग्या मारायच्या पावडरीचा डबा काढून त्याच्या हातात दिला. घरी हा किस्सा सांगताना बाबा हसला, आईही हसली. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू.

औषध गुलाबी होतं. त्याला फळाचा वास होता आणि जिभेच्या टोकाला ते गोडही लागायचं. मागाहून घशाशी मात्र असा कडूपणा चढायचा की तो बराच वेळ जायचा नाही. पहिल्या दिवशी मुंगीने ते विश्वासाने घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं, पण जरा विचार करून. त्यानंतर सिरिंज दिसली की तिचे ओठ शिवल्यासारखे मिटायचे.

मग घरात जे कुठल्याही घरात होतं ते सगळं झालं. सिरिंज विमान झाली, मासा झाली. बाहुलीला औषध दिलं, अस्वलाला दिलं. बाबाची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आत्या रोज येऊन एक नवा उपाय सांगायची, आणि स्वतःची चार पोरं आपण कशी एका डोळ्याच्या धाकात वाढवली हे वर ऐकवायची. सगळ्यांचं एकच पालुपद होतं : गोड आहे गं, गोड गोड आहे. पण ही मुंगी साखरेला भुलणारी नव्हती.

सकाळच्या वेळी आई एकटीच असायची. औषध, न्याहारी, अंघोळ, पाळणाघर, मग दवाखाना. तिथे दार उघडायच्या आधीच दोन-चार जनावरं ताटकळत उभी असायची. एके सकाळी विमानही झालं, मासाही झाला, औषध दोनदा फ्रॉकवर सांडलं, आणि आईच्या हातांनी त्यांना जे येत होतं ते केलं. डोकं मागे, अंगठा कोपऱ्यात, सिरिंज गालाच्या आतून, तोंड बंद, नाकावर फुंकर, गळ्यावर बोट. मुंगीने गिळलं. रडायलाही तिला उशिराच सुचलं.

आईला सुटल्यासारखं वाटलं. थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशी तिने विमान काढलंच नाही.

काही दिवसांनी औषधाच्या खणाचा आवाज झाला की मुंगी पडद्यामागे लपायला लागली. पावलं बाहेर दिसायची. मग इतर गोष्टी सुरू झाल्या. आई तोंड पुसायला गेली तरी ती ओठ आवळायची. केस विंचरायला हात डोक्यामागे गेला की मान ताठ व्हायची. संध्याकाळी आई दवाखान्यातून आली की मुंगी आधी तिच्या हातांकडे बघायची, मग चेहऱ्याकडे. आईने हे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं. औषध पोटात जातंय, तेच महत्त्वाचं.

संध्याकाळची वेळ बाबाची होती. त्याला धरपकड जमणारी नव्हती. पोर रडलं की तो सिरिंज खाली ठेवायचा. त्याने दुसरी वाट काढली. मुंगीला दूध जीव की प्राण होतं, त्याने औषध दुधात मिसळलं. पहिला पेला तिने पिऊन टाकला. बाबा खूश झाला. दुसऱ्या दिवशी तिने अर्धा पेला ठेवला. चौथ्या-पाचव्या दिवशी नुसता वास घेऊन पेला दूर सारला. मग त्याने केळ्यात घातलं, मग मुरंब्यात. मुंगी एकेक पदार्थ सोडत गेली. उरलेलं बाबा मोरीत ओतायचा, आणि आईने विचारलं की, "घेतलं, थोडे नखरे करून," असं सांगायचा. तो खोटं बोलत होता असंही नाही. थोडं घेतलेलं असायचंच.

दुसरी फिट पाळणाघरात आली. पहिलीपेक्षा लांबली. आई पोचली तेव्हा मुंगी सतरंजीवर झोपलेली होती आणि बाकीची मुलं कोपऱ्यात गप्प बसली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषधाचं प्रमाण हवं त्यापेक्षा कमी निघालं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, औषध पूर्ण जातंय ना? आई म्हणाली, सकाळचं शंभर टक्के. बाबा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात, मुंगी आत झोपलेली असताना, दोघांचं भांडण झालं. आवाज दबके होते, म्हणून शब्द जास्तच लागले.

"तू तिला फसवत होतास," आई म्हणाली. "आणि मलाही."

"हो. चुकलं माझं," बाबा म्हणाला. "पण तू काय करतेस? ती तुझ्या हाताला घाबरते. तू तोंड पुसायला गेलीस तरी घाबरते. तुला दिसत नाही?"

तिने पाठ फिरवून ओटा पुसायला घेतला. दिसत होतं म्हणूनच.

पण फिट ताजी होती. तिने ठरवलं की दोन्ही वेळा आता आपणच द्यायच्या. संध्याकाळी ती दवाखान्यातून धावत यायची आणि पर्स खाली ठेवायच्या आधी औषध द्यायची. एक थेंबही बाहेर येत नव्हता. फिट आली नाही. आणि घरातलं काहीतरी मंदावलं. मुंगी बोलायला शिकत होती, दिवसाला नवे शब्द येत होते, ते आईशी बोलताना कमी व्हायला लागले. झोपवायला तिला बाबाच हवा असायचा. "आई नको," ती सांगायची, रागाने नाही, पाणी नको म्हणावं तसं. आत्या म्हणाली, पोरांचं काय मनावर घ्यायचं, मोठी झाली की विसरेल. आईलाही तेच वाटायचं. पण ती मोठी होईपर्यंतचे दिवसही आपल्यालाच काढायचे आहेत, हेही वाटायचं.

अशात एक दिवस दवाखान्यात मोठ्या बाई आल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणायचं. त्यांचा एक म्हातारा बोका होता, करड्या रंगाचा. त्याला गळ्याच्या ग्रंथीचा आजार होता आणि रोज गोळी लागायची. महिन्याभरापूर्वी आईने बाईंना गोळी द्यायची पद्धत शिकवली होती. बाई शिकण्यातही पहिल्या नंबरच्या. दोन वेळा करून दाखवल्यावर त्यांना जमलं होतं.

आज बोक्याची टोपली बरोबर नव्हती. त्यांनी गोळ्यांची अर्धी भरलेली बाटली टेबलावर ठेवली. म्हणाल्या, कुणाच्या उपयोगी पडल्या तर बघा.

आईने जपून विचारलं, "गेला का तो?"

"गेला म्हणजे मेला नाही. घर सोडून गेला," बाई म्हणाल्या. "समोरच्या कुंपणावर बसलेला दिसतो. मी दार उघडलं की पलीकडे उडी मारतो. अकरा वर्षं माझ्या उशाशी झोपत होता."

"गोळी नीट जात नव्हती का?"

"जात होती की. तुम्ही शिकवलंत तशीच. रोज." बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुमची पद्धत चांगली आहे, डॉक्टर. पण तुम्ही एकदा गोळी देता आणि मांजर आपल्या घरी जातं. मला त्याच्याबरोबर राहायचं होतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते परतवता येत नव्हतं. कानाला चोळायचं मलम मिळतं, गोळीची गरज नाही, आपण मागवू, असं आईने घाईघाईने सांगितलं. बाई म्हणाल्या, मागवा, पण आधी त्याने कान माझ्या हातात द्यायला हवा. आणि छत्री उचलून निघाल्या. कंपाउंडरने पुढचं कुत्रं आत आणलं. आई हात धुवायला गेली ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

रात्रीच्या जेवणानंतर तिने बाबाला मोठ्या बाईंची गोष्ट सांगितली. भांडण उकरून काढायला नाही. दोघं बरंच बोलली. शेवटी एवढं ठरलं की औषध द्यायचंच, त्यात सूट नाही. पण लपवून द्यायचं नाही, गोड आहे म्हणायचं नाही, आणि न सांगता हात लावायचा नाही. हे सगळं पाळून ते पोटात जाणार कसं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी आईने मुंगीसमोर बाटली उघडली आणि बोटाच्या टोकावर एक थेंब घेऊन स्वतः चाटला. इतके दिवस ते पाजत होती, पण चव तिने कधी घेतली नव्हती. तिचं तोंड आपोआप वाकडं झालं. मुंगी टक लावून बघत होती.

"कडू आहे," आई म्हणाली.

मुंगीने हे पहिल्यांदाच कुणाकडून तरी ऐकलं. "कलू," ती म्हणाली.

"हो, कडू. मी गोड म्हणत होते ते खोटं होतं. पण हे प्यायला लागतं. तुझं अंग थडथड उडतं ना कधी कधी, ते उडू नये म्हणून. कुठे बसून पिऊ या?"

मुंगीने विचार केला आणि टेबलाखाली बोट दाखवलं. आई साडीचा पदर खोचून टेबलाखाली शिरली. तिथे दोघी मांडी घालून बसल्या. आणि मुंगीने ओठ मिटून घेतले.

प्रामाणिकपणाने जादू होते असं आईला वाटलं असेल, तर ते तिथेच संपलं. ती थांबली, समजावलं, पुन्हा थांबली. दवाखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मुंगी, आता मी तुला धरणार आहे. तुला आवडणार नाही. मोठ्याने रडलीस तरी चालेल." आणि तिने धरलं. मुंगी मोठ्याने रडली. पण पाजून झाल्यावर पळून गेली नाही, तिथेच तिच्या मांडीवर हुंदके देत बसली. कदाचित दमली असेल. आईने त्यातून फारसा अर्थ काढला नाही. तिला ते हरल्यासारखंच वाटलं.

असे दिवस पुष्कळ गेले. कधी धरावं लागायचं, कधी अर्ध्यावर मुंगीच नमतं घ्यायची. बाबाने एक रिकामी सिरिंज अंघोळीच्या बादलीत टाकून दिली. मुंगीला ती फार आवडली. पाणी ओढायचं, उडवायचं, भिंतीवर, बाबाच्या कानात. ती सिरिंज मग घरभर तिच्याबरोबर फिरू लागली. एका सुट्टीच्या दिवशी आई जमिनीवर आडवी पडून वर्तमानपत्र वाचत होती, तेव्हा मुंगी सिरिंजमध्ये पाणी भरून आली आणि म्हणाली, "आई, औशद."

आईने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि तोंड उघडलं.

पण मुंगीला ते तसं नको होतं. तिने आपला इवलासा तळहात आईच्या कपाळावर ठेवून डोकं मागे रेटलं. अंगठा ओठांच्या कोपऱ्यात खुपसला. नखं लागली. सिरिंज गालाच्या आत आली, पाणी घशात गेलं, आणि आई खोकायच्या आत मुंगीने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबून धरलं. मग नाकावर फुंकर. मग गळ्यावरून बोट. एकही पायरी चुकली नव्हती.

आईला वर फक्त छताचा दिवा दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे मुंगीचा चेहरा. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम करताना माणसाचा असतो तसा तो गंभीर होता. आपलाही असाच दिसत असणार, आईला वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानात उतरलं. तिने मुंगीचे हात बाजूला केले नाहीत. हात सैल झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "हळू."

मुंगी थबकली. तिने पुन्हा सिरिंज भरून आणली. या खेपेला कपाळावरचा हात नुसता टेकवला. "हलू," ती स्वतःलाच म्हणाली, आणि आईच्या ओठांशी सिरिंज धरून वाट बघत बसली. आईने स्वतः तोंड उघडलं. मुंगीने दट्ट्या एकेक थेंब करून ढकलला, आणि प्रत्येक थेंबानंतर तिच्या तोंडात वाकून पाहिलं.

त्या संध्याकाळी टेबलाखाली आईने औषधाची सिरिंज मुंगीच्या ओठांशी धरली आणि तशीच वाट बघितली. मुंगीने तिचा हात पकडला, ढकलण्यासाठी नाही. दट्ट्यावर आपलं बोट ठेवलं. थोडं आत गेलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, अंग शहारलं, उजव्या पायाने जमिनीवर दोन लाथा मारल्या. मग पुन्हा बोट ठेवलं. सगळं संपायला इतका वेळ लागला की बाबा मध्येच वाकून विचारून गेला, जेवण गरम करू की थांबू.

तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. सर्दी झाली की मुंगी पुन्हा बिथरायची. एकदा तिने तोंडभर औषध आत्याच्या पांढऱ्या ओढणीवर उडवलं आणि आत्याने उपाय सुचवणं काही दिवस बंद ठेवलं. बाबाने एका दुपारी तिला समोर बसवून दुधाचं खरं सांगून टाकलं. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने ऐकलं, त्याच्या भुवईवरचं पीठ बोटाने पुसलं आणि खेळायला गेली. दूध मात्र ती पुन्हा प्यायली नाही. बाबा अजूनही कधीतरी पेला पुढे करतो, ती वास घेते आणि मान हलवते, आणि तो पेला स्वतः पिऊन टाकतो. काही गोष्टी एकदा गेल्या की त्यांच्याशिवाय चालवून घ्यावं लागतं.

मोठ्या बाईंना आईने मलम नेऊन दिलं. ती बाईंच्या पायरीवर त्यांच्याशी बोलत बसली होती तेव्हा करडा बोका कुंपणावरून दोघींकडे बघत होता. बाई म्हणाल्या, हल्ली पायरीपर्यंत येतो, आत येत नाही. मी दार उघडं ठेवते. दवाखान्यात आता कुणी रोजच्या औषधासाठी जनावर आणलं की आई पद्धत शिकवायच्या आधी विचारते, हे तुमच्याकडे कुठे झोपतं, कुणाच्या हातचं खातं. कंपाउंडर वैतागतो, कारण बाहेर रांग वाढते.

तिसरी फिट आली नाही. पुढच्या खेपेला रक्तात औषधाचं प्रमाण बरोबर निघालं, आणि डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. अजून बराच काळ चालू ठेवायचं आहे.

परवा सकाळी औषध झालं, कडू म्हणून झालं, त्याबद्दल थोडं रडूनही झालं. उशीर झाला होता. आईने दाराशी मुंगीचे बूट पुढे ठेवले आणि ते चढवायला सवयीने खाली वाकली. मुंगीने पाय मागे घेतला. "मी," ती म्हणाली. डावा बूट उजव्या पायात गेला, निघाला, मग बराच वेळ कुठल्याच पायात जाईना. खाली रस्त्यावर पाळणाघराच्या दिशेने शेजारची मुलं चाललेली ऐकू येत होती. आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर तिच्या शेजारी बसली.